वापरलेली ई ५५ एएमजी : आधी उष्णतेचा बंदोबस्त, मग ताकद

मर्सिडीज-बेन्झच्या डब्ल्यू २११ पिढीतील ई ५५ एएमजी ही सेडान २००२ ते २००६ या काळात तयार झाली. तिच्या ५४३९ सीसीच्या व्ही ८ इंजिनावर बसवलेल्या सुपरचार्जरमुळे ४७६ अश्वशक्ती आणि ७०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळत असे. त्याआधीच्या पिढीतील ई ५५ चे इंजिन तेवढ्याच आकाराचे होते, पण सुपरचार्जर नसल्यामुळे ते ३५४ अश्वशक्ती आणि ५३० न्यूटन-मीटरवर थांबत असे. हा फरक बहुतांशी दाबून भरलेल्या हवेचा आहे. म्हणूनच ‘पुली बदला, सॉफ्टवेअर बदला, आणखी शंभर घोडे मिळवा’ असा सल्ला या गाडीच्या बाबतीत सहज दिला जातो. सल्ला अगदीच खोटा नाही. मात्र दोन दशके जुन्या गाडीत हवा आणखी दाबण्यापूर्वी दाबलेली हवा थंड ठेवणारी यंत्रणा धड आहे का, हे पाहावे लागते. गाडी निवडताना कोणते भाग तपासावेत आणि घेतल्यावर फेरफार कोणत्या क्रमाने करावेत, हे पुढे त्याच दृष्टीने सांगितले आहे.

उष्णता येते कुठून?

या इंजिनाच्या दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या जागेत जपानच्या आयएचआय कंपनीचा दुहेरी स्क्रूचा सुपरचार्जर बसवलेला आहे. एकमेकांत गुंतून फिरणारे त्याचे दोन रोटर बेल्टवर चालतात, त्यांचा कमाल वेग मिनिटाला सुमारे २३,००० फेऱ्यांपर्यंत जातो आणि ते वातावरणाच्या दाबावर जास्तीत जास्त ०.८ बार दाब निर्माण करतात. म्हणजे हवा साधारण १.८ पट दाबली जाते. दाबताना ऊर्जेचा अजिबात अपव्यय होत नाही असे गृहीत धरले, तरी २५ अंश सेल्सिअसची हवा एवढी दाबल्यावर ८० अंशांच्या आसपास पोहोचते. प्रत्यक्षात कोणताही कॉम्प्रेसर परिपूर्ण नसतो. त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हा आकडा शंभरी गाठतो. इतकी तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली तर मिश्रण वेळेआधी पेटून ठोके बसण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी इंजिनचा संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि तापमान फारच वाढले तर सुपरचार्जरचा विद्युत-चुंबकीय क्लच सोडून देतो. चालकाला मात्र एवढेच जाणवते की गाडी सकाळी पळत होती आणि दुपारी सुस्तावली.

ही हवा थंड करण्यासाठी कंपनीने पाण्यावर चालणारा इंटरकूलर दिला आहे. हवेतील उष्णता कूलंटमध्ये जाते, एक छोटा विद्युत पंप ते कूलंट समोरच्या वेगळ्या रेडिएटरकडे नेतो आणि तिथे ते थंड होऊन परत येते. या साखळीतील सर्वांत दुबळी कडी म्हणजे तो पंप. तो एकाएकी बंद पडतोच असे नाही. पुष्कळदा त्याचा प्रवाह वर्षानुवर्षे मंदावत जातो, आणि इशारा-दिवा न लागल्यामुळे मालकाला त्याचा पत्ता नसतो. काही उत्पादन-वर्षांच्या गाड्यांत हे कूलंट इंजिनच्या मुख्य कूलंटशी जोडलेले असते, त्यामुळे तापलेल्या इंजिनची काही उष्णता इंटरकूलरच्या वर्तुळातही शिरते. सुधारणेच्या टप्प्यावर या जोडणीकडे पुन्हा वळावे लागेल.

तपासणी : इंजिन थंड असताना सुरुवात करा

गाडी पाहायला जाण्यापूर्वी ती सुरू न करता, रात्रभर एका जागी उभी ठेवण्याची विनंती विक्रेत्याला करावी. पोहोचल्यावर इंजिनचे झाकण गरम लागले, तर तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलणे चांगले. थंड गाडी दोन गोष्टी उघड सांगते. एक, हवेच्या सस्पेन्शनमधून रात्रीत गळती झाली का. आणि दुसरी, इंजिन पहिल्या सुरुवातीला कसे बोलते.

बॉनेट उघडल्यावर प्रथम पुढच्या बाजूचे बेल्ट पाहावेत. या इंजिनात सुपरचार्जरचा बेल्ट वेगळा आणि अल्टरनेटर वगैरेंचा वेगळा असतो. बेल्टच्या आजूबाजूला काळी भुकटी साठलेली दिसली तर बेल्ट घसरतो आहे किंवा एखादी पुली तिरकी झाली आहे असे समजावे. क्रँकशाफ्टच्या टोकाची पुली विशेष बारकाईने पाहावी, कारण तिच्या आतील आणि बाहेरील धातूच्या कड्यांमध्ये कंपने शोषणारा रबराचा थर असतो आणि तो सुटू लागला की पुली डगमगत फिरते. इंजिन चालू असताना सुरक्षित अंतरावरून टॉर्चच्या प्रकाशात पाहिल्यास ही डगमग डोळ्यांना दिसते. अशी पुली निखळली तर ती पुढचे आवरणही कापू शकते, त्यामुळे या दोषाकडे किंमत कमी करून घेण्याचा मुद्दा म्हणून पाहू नये. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवूच नये.

सुपरचार्जरच्या नाकाजवळ कान द्यावा. मंद गतीत क्लच सुटलेला असतो, म्हणून त्या वेळी येणारी घरघर बहुधा क्लच-पुलीच्या बेअरिंगची किंवा एखाद्या फिरत्या आधार-पुलीची असते. वेग वाढवल्यावर क्लच लागताना होणारा हलका ‘टक्’ आवाज आणि त्यानंतर वेगाबरोबर चढत जाणारा सूर या दोन्ही गोष्टी सामान्य आहेत. क्लच लागताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, किंवा जोरात पाय दाबूनही सुपरचार्जर कामाला लागल्याचे जाणवत नसेल, तर क्लचच्या चकत्यांमधील फट झिजेने वाढलेली असण्याची शक्यता आहे. ती फट दुरुस्त करता येते, पण जळलेला क्लच बदलावाच लागतो आणि तो स्वस्त भाग नव्हे.

मूळ इंजिनची बांधणी भक्कम आहे. सुपरचार्जरच्या भारासाठी कंपनीने ब्लॉक, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन यांना अधिक कणखर केले होते आणि टायमिंग चेन सहसा त्रास देत नाही. जुनेपणाचे त्रास मात्र आहेत. व्हॉल्व्ह-आवरणावरच्या श्वसन-झाकणांतून तेल पाझरून ते एक्झॉस्टवर पडते आणि जळका वास येतो. क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर म्हातारा झाला की तापलेले इंजिन अचानक बंद पडते आणि थंड झाल्यावर काही घडलेच नसल्यासारखे पुन्हा सुरू होते. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे एकूण १६ स्पार्क प्लग असल्यामुळे पुष्कळ मालक ते बदलणे पुढे ढकलतात. टाकी पूर्ण भरल्यावर मागच्या आसनाजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर टाकीवरील सील तपासणे अनिवार्य आहे. हा आगीचा धोका आहे. शक्य असल्यास विक्रेत्याला टाकी भरून ठेवायला सांगावे, कारण अर्ध्या टाकीत हा दोष लपून राहतो.

यानंतरची चाचणी निदान-यंत्र जोडून करायची आहे आणि ती टाळू नये. इंजिनमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान यंत्राच्या पडद्यावर सतत दिसेल असे ठेवून, मोकळ्या आणि परवानगी असलेल्या रस्त्यावर दोनदा-तीनदा जोरात वेग घ्यावा, आणि पडदा पाहण्याचे काम शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाने करावे. दाब देताना तापमान चढणे स्वाभाविक आहे. पाय सोडून एकसारख्या वेगाने गाडी चालवल्यावर ते लवकर खाली यायला हवे. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा वर जाऊन तिथेच अडून राहत असेल, तर पंप मंदावला आहे, वर्तुळात हवा अडकली आहे किंवा समोरचा रेडिएटर धूळ-किड्यांनी बुजला आहे. पंप निदान-यंत्रातून हुकूम देऊन स्वतंत्रपणेही चालवून पाहता येतो. विक्रेता या चाचणीला तयार नसेल तर माझ्या मते दुसरी गाडी शोधावी.

गिअरबॉक्स आणि ब्रेक

पाच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स हा कंपनीच्या ७२२.६ या दीर्घकाळ चाललेल्या मालिकेतला असून त्या काळच्या गिअरबॉक्समध्ये मजबूत समजला जातो. त्याचे तेल आयुष्यभर टिकते, असे सुरुवातीला सांगितले गेले आणि नंतर ठरावीक अंतराने बदलण्याची शिफारस आली. ज्या गाडीच्या कागदपत्रांत हे तेल एकदाही बदलल्याची नोंद नाही, तिच्याकडे संशयाने पाहावे. या गिअरबॉक्सचा एक नेहमीचा दोष अगदी क्षुल्लक रबरापासून सुरू होतो : विद्युत-जोडणीच्या गोल प्लगचे सील झिरपते आणि तेल तारांच्या आतून वर चढत नियंत्रण-संगणकापर्यंत पोहोचते. त्या संगणकाचा प्लग काढून त्यात तेलाचा ओलावा आहे का, एवढे पाहायला काही मिनिटे लागतात. गिअरबॉक्सच्या आतल्या विद्युत-पट्टीवरील वेग-सेन्सर बिघडल्यास गाडी आणीबाणीच्या स्थितीत जाते आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गिअरमध्येच अडकून राहते. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती पूर्ववत होते, म्हणून विक्रेत्याला हा दोष झाकणे सोपे जाते. निदान-यंत्रातील साठलेल्या नोंदी पाहिल्याशिवाय गिअरबॉक्सबद्दल मत बनवू नये.

ब्रेकच्या बाबतीत ही गाडी तिच्या काळातही वेगळी होती. ‘एसबीसी’ नावाच्या या व्यवस्थेत पेडल दाबल्यावर सेन्सर चालकाची इच्छा ओळखतात आणि विद्युत पंपाने साठवलेला दाब प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे दिला जातो. यंत्रणा निकामी झाली तर पेडल आणि पुढच्या चाकांचे ब्रेक यांच्यात थेट द्रव-जोडणी होते. गाडी त्याही स्थितीत थांबते, पण पेडल खूप खोल जाते, ताकद जास्त लागते आणि थांबण्याचे अंतर वाढते. या व्यवस्थेतील दोषांमुळे कंपनीने २००४ साली सुमारे ६,८०,००० गाड्या परत बोलावल्या होत्या. एसबीसीचे मुख्य युनिट ब्रेक किती वेळा दाबले याची मोजदाद ठेवते आणि ठरवलेली मर्यादा गाठली की ते बदलण्याचा इशारा देते. खरेदीपूर्वी हा आकडा वाचून घ्यावा, आणि तो गाडीच्या किलोमीटरच्या मानाने संशयास्पद कमी असेल तर युनिट नवे बसवले की फक्त मोजणी शून्यावर आणली, हे बिलावरून तपासावे. केवळ मोजणी पुसल्याने पंपाची झीज पुसली जात नाही.

ब्रेक पॅड स्वतः बदलणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ही यंत्रणा गाडी बंद असतानाही, दार उघडणे किंवा गाडीचे लॉक उघडणे यांसारख्या साध्या कृतीने जागी होऊन पिस्टन ढकलू शकते. त्या वेळी बोटे पॅड आणि डिस्कच्या मधे असली तर ती चिरडतील. म्हणून निदान-यंत्राने एसबीसी निष्क्रिय केल्याशिवाय कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला) हात लावू नये, आणि ज्या मेकॅनिकला ही पायरी ठाऊक नाही त्याच्याकडे हे काम देऊ नये. या व्यवस्थेसाठी बॉनेटखाली एक दुय्यम बॅटरी असते. मुख्य बॅटरी डिकीत असते. दुय्यम बॅटरी दुबळी झाल्यावर येणारे इशारे पाहून लोक थेट महागडे युनिट बदलायला निघतात. आधी दोन्ही बॅटऱ्या मोजाव्यात.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात : सकाळी चारही चाकांच्या कमानींची उंची मोजावी, एखादा कोपरा बसलेला आढळला तर तिथला हवेचा स्ट्रट (चाकावरचा आधार-खांब) किंवा जोड गळतो आहे. गळती अंगावर काढत राहिल्यास ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालतो आणि जळतो, म्हणजे एका भागाचा खर्च दोन भागांवर जातो. हवेच्या जागी साध्या स्प्रिंगचे संच बसवता येतात, परंतु मग या गाडीचा मऊपणा जातो, आणि ती घेण्याचे निम्मे कारणच संपते असे मला वाटते.

आधीच फेरफार झालेली गाडी घ्यावी का?

शक्यतो नाही. फेरफार न झालेली, कागदपत्रे पूर्ण असलेली गाडी थोडी महाग पडली तरी तिच्यापासून सुरुवात करणे सोयीचे असते, कारण तिच्यात काय आहे ते माहीत असते. फेरफार झालेली गाडी घ्यायचीच असेल, तर पुलीचा आकार, सॉफ्टवेअर कोणी आणि कोणत्या इंधनासाठी लिहिले, मूळ सॉफ्टवेअरची प्रत आणि काढलेले मूळ भाग यांची मागणी करावी. मोठी पुली बसवलेली आणि इंटरकूलरचा पंप मात्र जुनाच, अशी जोडी दिसली तर आधीच्या मालकाचा प्राधान्यक्रम आपोआप कळतो. एक्झॉस्टमधील उत्प्रेरक (धुरातील प्रदूषके कमी करणारा भाग) काढून टाकलेली गाडी बऱ्याच ठिकाणी प्रदूषण-तपासणीत नापास होते, शिवाय फेरफार विमा कंपनीला न कळवल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. हे दोन्ही नियम खरेदीपूर्वी पाहून घ्यावेत.

फेरफारांचा क्रम

पहिला टप्पा ताकदीचा नाही, तो पाया पक्का करण्याचा आहे. इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर, विद्युत-प्लगचे सील, सगळे १६ प्लग, दोन्ही बेल्ट आणि त्यांच्या आधार-पुल्या, क्रँकशाफ्टचा सेन्सर, ब्रेकचे द्रव आणि चांगले टायर हे सर्व आधी करून घ्यावे. त्यानंतर काही आठवडे गाडी आहे तशी चालवून तापमानाच्या आणि इंधन-मिश्रणाच्या नोंदी ठेवाव्यात. पुढच्या प्रत्येक बदलाचा फायदा-तोटा याच नोंदींशी ताडून पाहायचा असतो.

दुसरा टप्पा थंडाव्याचा, आणि माझ्या दृष्टीने या गाडीतील सर्वांत मोलाचा खर्च हाच. जुना पंप काढून अधिक प्रवाहाचा पंप बसवावा, समोर मोठा रेडिएटर लावावा, आणि कूलंट इंजिनशी जोडलेले असेल तर इंटरकूलरचे वर्तुळ स्वतंत्र टाकी देऊन वेगळे करावे. पंपाची तार जोडताना मूळ तारेची क्षमता नव्या पंपाला पुरते का ते पाहावे. पुरत नसेल तर रिले आणि फ्यूजसह वेगळी तार ओढावी आणि मूळ तारेचा उपयोग फक्त रिलेला संकेत देण्यासाठी करावा. कूलंट भरताना वर्तुळातील सगळी हवा बाहेर काढणे हे या कामातील अर्धे यश आहे. निर्वात करून भरण्याचे साधन वापरल्यास ते खात्रीने होते. नुसते वरून ओतून झाकण लावले तर कुठल्यातरी वळणात बुडबुडा अडकतो, नवा पंप फिरत राहतो आणि तापमान पूर्वीसारखेच राहते. या टप्प्यानंतर कागदावरची ताकद वाढत नाही, पण उन्हाळ्यातल्या दुपारी आणि लागोपाठच्या वेगात गाडी जी ताकद गमावत होती ती परत मिळते. कित्येक मालक इथे थांबतात, आणि त्यात काही वावगे नाही.

तिसरा टप्पा सॉफ्टवेअरचा. आपल्याला नेहमी मिळणाऱ्या इंधनाच्या ऑक्टेनसाठीच (ठोके टाळण्याच्या क्षमतेसाठीच) ते लिहून घ्यावे. कधीतरी मिळणाऱ्या उत्तम इंधनावर बेतलेले सॉफ्टवेअर रोजच्या इंधनावर ठोके देते. तयार फाइल भरून देणाऱ्यापेक्षा गाडीच्या नोंदी मागवून, त्या पाहून दुरुस्त्या करणारा ट्यूनर निवडावा. काम झाल्यावर पूर्ण भारावर हवा-इंधनाचे प्रमाण, इंधनाचा दाब आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये संगणक ठिणगी किती अंश मागे घेतो, या तीन नोंदी त्याच्याकडून लेखी घ्याव्यात. एकाच सिलिंडरमध्ये ठिणगी सातत्याने मागे जात असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नसून त्या सिलिंडरचा प्लग, तार किंवा इंजेक्टर यांचा असण्याची शक्यता अधिक असते. इंजिनचा टॉर्क वाढवला की गिअरबॉक्सच्या संगणकालाही तेवढ्या टॉर्कची माहिती द्यावी लागते, नाहीतर गिअर बदलताना क्लच-चकत्यांवर पुरेसा दाब न पडता त्या घसरून जळतात.

पुली हा चौथा टप्पा आहे. क्रँकशाफ्टवर मोठी पुली लावली किंवा सुपरचार्जरवर लहान, तरी परिणाम एकच : इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांना रोटर अधिक वेगाने फिरतात. सुपरचार्जरची पुली ७ टक्क्यांनी लहान केली तर २३,००० फेऱ्यांचे सुमारे २४,७०० होतात. दाबाबरोबर उष्णता वाढते आणि रोटर फिरवण्यासाठी इंजिनची खर्ची पडणारी ताकदही वाढते, म्हणून प्रत्येक पुढच्या टक्क्याचा निव्वळ फायदा आधीच्यापेक्षा कमी असतो. लहान पुलीवर बेल्टची पकड कमी पृष्ठभागावर बसते, त्यामुळे बेल्टला अधिक वळसा देणारी जादा आधार-पुली सोबत लागते. क्रँकशाफ्टच्या बाजूने बदल करताना मूळ पुलीतला कंपने शोषणारा भाग नव्या पुलीत कायम आहे की नाही ते विचारून घ्यावे. पुली आणि सॉफ्टवेअर यांचा मेळ घातल्याखेरीज गाडी पूर्ण भारावर चालवू नये. रोज वापरायच्या गाडीत मी लहानसा बदल करून थांबेन. एक्झॉस्टचे हेडर, मोठा थ्रॉटल, पाणी-मेथॅनॉलची फवारणी हे त्यापलीकडचे उपाय खरे तर शर्यतीच्या पट्टीसाठी आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाला सॉफ्टवेअरची नवी जुळवणी लागते.

शेवटी मागची चाके. मूळच्या २६५ मिलिमीटर रुंद टायरना ७०० न्यूटन-मीटर टॉर्कही ओल्या रस्त्यावर जड जातो, आणि या गाडीचा डिफरेन्शियल (दोन मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) सहसा साधा, म्हणजे घसरणाऱ्या चाकाकडे ताकद जाऊ देणारा असतो. घसरण आवरण्याचे काम इलेक्ट्रॉनिक्स ब्रेक लावून करते. ताकद वाढवल्यावर हेच ब्रेक वारंवार लागतात आणि मागचे पॅड लवकर संपतात. मर्यादित घसरणीचा डिफरेन्शियल बसवला तर वळणातून बाहेर पडताना फरक स्पष्ट जाणवतो. तो बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर हलक्या पायाने चालवून त्याचे तेल बदलावे, आणि मगच पहिल्या टप्प्यातील चाचणी त्याच रस्त्यावर, तशाच हवामानात पुन्हा करून तापमानाच्या नोंदी जुन्या नोंदींशेजारी ठेवाव्यात.